‘इतर’ नावाचा रकाना

गेल्या महिन्यात पुण्यात एका परिसंवादाला गेले होते. विषय ‘तरुण पिढी आणि गांजा’. पुढच्या तीन रांगांत ज्येष्ठ नागरिक, मागे कॉलेजची मुलं, मधल्या खुर्च्या रिकाम्या. पहिले वक्ते नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ. माइक हातात येताच त्यांनी सांगून टाकलं, “माझ्याकडे असा पेशंट आला की मी एकच सांगतो. आधी सोड, महिन्यानं ये. तोवर तुझाही वेळ फुकट, माझाही.” पुढच्या रांगांतून टाळ्या. मग एक तरुण उठला. ही शंकराची बुटी आहे, आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं वापरली, इंग्रजांनी आणि औषध कंपन्यांनी बदनाम केली, आणि माझी एंग्झायटी कुठल्या गोळीनं गेली नाही ती हिनं गेली, असं त्यानं एका दमात सांगितलं. पुन्हा टाळ्या, या वेळी मागून. सूत्रसंचालकांनी ‘दोन्ही बाजू समोर आल्या’ म्हणून आभार मानले आणि आम्ही सगळे बटाटेवड्यांकडे वळलो.

बाजू दोन्ही आल्या, विषय मात्र आलाच नाही. गांजा अमृत की विष, हे मी गेली सोळा वर्षं ज्या खोलीत समुपदेशक म्हणून बसते तिथे कुणी विचारत नाही. तिथे मामला वेगळा असतो. समोरचा मुलगा रोज रात्री ओढतो, त्यानं छातीतली धडधड थांबते असं त्याला वाटतं, आणि हे मला सांगावं की नाही हे त्याचं अजून ठरलेलं नाही. अशा वेळी थेरपिस्टनं काय करायचं? माझं मत आधीच सांगून मोकळी होते. चिंतेवरचा उपचार म्हणून गांजा मला पटत नाही, आणि पेशंटला ते तोंडावर न सांगणारा थेरपिस्ट कामचुकारपणा करतो असं मी मानते. पण ‘आधी सोड, मग ये’ ही अट त्याहून वाईट आहे. त्या अटीनं ओढणं क्वचितच थांबतं, बोलणं मात्र हमखास थांबतं.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. वय सव्वीस, परभणीकडचा, हिंजवडीत नोकरी. त्रास असा की सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं दोन-दोन मिनिटं बोलायचं असतं आणि याचा रविवार दुपारपासूनच घसा कोरडा पडायचा. आमच्याकडे पहिल्या भेटीत एक दोन पानी फॉर्म भरून घेतात, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला. झोप कशी, भूक कशी, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, आणि मग व्यसनं: तंबाखू, दारू, इतर. यानं दारूपुढे ‘कधीतरी’ लिहिलं होतं आणि ‘इतर’पुढे एक आडवी रेघ. चार आठवडे आम्ही श्वासाचे व्यायाम केले, वहीत विचारांच्या नोंदी केल्या. फरक शून्य. पाचव्या वेळी तो उठला, दाराच्या कडीवर हात ठेवला (महत्त्वाचं सगळं कडीवर हात ठेवूनच सांगितलं जातं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा) आणि म्हणाला, “मॅडम, एक राहिलं. रागावणार नाही ना?” गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, रात्री अकराला, दोन वर्षं. सोमवारी सकाळीसुद्धा, आंघोळीच्या आधी. माझ्याआधी ज्यांच्याकडे गेला होता त्यांना त्यानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं आणि त्यांनी त्याला परत पाठवलं होतं. ती आडवी रेघ तिथे शिकून आला होता. चार आठवडे आम्ही दोघं मिळून भलत्याच माणसावर उपचार करत होतो.

रकान्यांचा हा घोळ आजचा नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात ओरड झाली की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला, त्यानं देशभर फिरून हजारावर साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. रुग्ण दाखल करताना ‘वेडाचं कारण’ असा एक रकाना भरावा लागे. कागद पाठवणार पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट. त्यांना कारण कुठून माहीत असणार? कुणीतरी सांगितलं की हा चिलीम ओढायचा, झालं, लिहा ‘गांजा’. आयोगानं १८९२ सालची अशी प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली तेव्हा निम्म्याहून अधिक टिकलीच नाहीत. आजचे गांजाप्रेमी हा अहवाल मोठ्या उत्साहानं नाचवतात, पण अर्धाच वाचतात. बेताच्या सेवनानं मनावर वाईट परिणाम दिसत नाहीत असं आयोग म्हणाला, तसंच अतिसेवनानं होतात, आणि ज्याचा पिंड मुळात नाजूक त्याला जास्त, हेही म्हणाला. त्या काळी रकाना ‘गांजा’ या शब्दानं आपोआप भरायचा, आता तो आपोआप रिकामा राहतो. डॉक्टरच्या पदरी दोन्ही वेळा सारखंच अज्ञान.

आता त्या व्यासपीठावरच्या डॉक्टरांची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांचा पहिला मुद्दा सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन माणसाचं वास्तवाशी नातं तुटण्याचा. हा बागुलबुवा नव्हे. युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या मिळून अकरा ठिकाणी झालेला आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेला अभ्यास सांगतो की रोज ओढणाऱ्यांत अशा आजाराची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट, आणि रोजचा माल कडक असेल, म्हणजे त्यात टीएचसी हा नशा आणणारा घटक दहा टक्के किंवा जास्त असेल, तर जवळजवळ पाचपट. यात कारण किती आणि योगायोग किती यावर संशोधक अजून भांडतात, पण ज्यानं एकदा विशीतल्या मुलाला ‘टीव्हीवाले माझ्याबद्दल बोलतायत’ म्हणताना पाहिलंय, त्याला या आकड्यांची थट्टा सुचणार नाही. डॉक्टरांनी असे शंभर पाहिले असतील. त्यांचा राग मला समजतो.

पण मग हा धोका कुणाला किती, हे शोधायचं कुणी? आमच्या मुलाकडे परत येते. कडीवरचा हात खाली आल्यावर मी पुन्हा तोच फॉर्म काढला आणि ‘घरात कुणाला मानसिक आजार’ या ओळीवर बोट ठेवलं. तिथेही त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. मी विचारलं, “मामा, काका, आत्या, कुणी घर सोडून गेलेलं, कुणाच्या अंगात येणारं, कुणाला देवाचं झालंय म्हणतात असं?” तो थांबला. धाकटे मामा. वीस-बावीसचे असताना ‘फिरले’, गावाबाहेरच्या देवळात बसून असतात, आजी डबा पाठवते. आजार असं घरात कुणी म्हणत नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये आलं नाही. मी त्याला सरळ सांगितलं की तुझ्या रूममेटला जे चालून जाईल ते तुला चालेलच असं नाही, तुझ्या घराण्यात ही गोष्ट आहे, आणि तुझं वय नेमकं तेच आहे. तो पांढराफटक पडला. दोन वर्षांत त्याला गांजाबद्दल जे शंभर जणांनी सांगितलं होतं त्यातलं हे पहिलं वाक्य, जे फक्त त्याच्याबद्दल होतं. ‘महिन्यानं ये’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या हाती हे मामा कधी लागले असते?

त्यांच्या बाजूनं मांडता येईल असा दुसरा मुद्दा मला याहून वजनदार वाटतो, आणि गंमत म्हणजे परिसंवादात तो कुणी मांडलाच नाही. चिंतेवरच्या मानसोपचारात भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं असतं. धडधड वाढते, शिगेला पोहोचते आणि आपण काहीही न करता ओसरते, हे शरीरानं स्वतः अनुभवावं लागतं. गांजा नेमका हा अनुभव चोरतो. मीटिंग बरी गेली तर श्रेय मालाला, वाईट गेली तर ‘आज कमी पडला’. माणूस दोन वर्षं मीटिंगला हजर राहूनही मीटिंगला कधी सामोरा गेलेलाच नसतो. वर आणखी एक चकवा. रोजची सवय झाल्यावर सोडली की पहिले काही दिवस अस्वस्थपणा, चिडचिड, झोप उडणं, जेवण न जाणं हे सगळं येतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत त्याला विथड्रॉवल म्हणून स्वतंत्र जागा आहे. पेशंट म्हणतो, “बघा, नाही ओढलं की एंग्झायटी परत येते, म्हणजे हेच माझं औषध.” अहो, कर्ज फेडायला त्याच सावकाराकडून पुन्हा उचल घ्यावी तसलं हे औषध.

इथवर मी डॉक्टरांच्या सोबत आहे. पण मग त्यांनी हाच नियम दुसऱ्या एका वस्तूला लावून दाखवावा. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी कितीतरी जणींच्या पर्समध्ये क्लोनाझेपाम या चिंता दाबणाऱ्या गोळीची पट्टी असते. घडीवर फाटत आलेलं नऊ वर्षांपूर्वीचं प्रिस्क्रिप्शन, ओळखीचा केमिस्ट, लग्नकार्य असलं की अर्धी गोळी, कार्य नसलं तरी रात्री अर्धी. भीतीला सामोरं जाण्याचा अनुभव तीही चोरते, सवय तिचीही लागते, आणि एकदम बंद केली तर काहींना फिट येण्यापर्यंत मजल जाते. या बाईंना कुणी म्हणतं का, आधी गोळी सोडा, मग या? नाही. आपण त्यांना बसवतो, किती, केव्हापासून, हे विचारतो आणि महिनोन्‌महिने पाव-पाव गोळीनं उतरवतो. यावर उत्तर येईल की गोळी औषध आहे, तिचं प्रमाण ठरलेलं, तिच्यावर डॉक्टरची नजर. बरोबर. फरक नजरेचाच आहे, आणि गांजावाल्याला दारातून परत पाठवताना आपण तीच काढून घेतो. व्यसनमुक्ती केंद्रंसुद्धा ‘सोडून या’ म्हणत नाहीत. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे. तिथे व्यसनापासून पूर्ण दूर राहण्याचाच आग्रह असतो, तरी प्रवेश मिळतो तो न सुटलेल्यालाच. सरकारचं एड्स नियंत्रण खातंही सुईनं नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया आणि हेरॉइनसारख्या नशेची तलफ शमवणारी, जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतं, तिथे कुणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. मग चिंतेच्या पेशंटपुढेच ही उंबरठ्यावरची परीक्षा कशाला? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की चिंता, नैराश्य असल्या नेहमीच्या आजारांच्या दर शंभर जणांपैकी पंच्याऐंशी उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. उरलेल्या पंधरांतला एक तुमच्या दारात उभा आहे.

कायद्याचं काय, असं माझे काही सहकारी दबक्या आवाजात विचारतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा ओढणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात चौसष्ट-अ नावाचं कलम आहे, जे मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचार घ्यायला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून मोकळीक देतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच बसवतो आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. म्हणजे कायद्यालाही हा माणूस दवाखान्यात हवा आहे. तरीही पोरं घाबरतात, आणि त्यांना दोष कसा देऊ? २०२० मध्ये लोकांचे खासगी व्हॉट्सॲप संवाद टीव्हीच्या निवेदकांनी नाट्यवाचनासारखे वाचून दाखवले, ते या मुलांनी जेवणाच्या टेबलावर आईवडिलांशेजारी बसून पाहिलंय. त्यानंतर त्यांनी छापील फॉर्ममध्ये खरं लिहावं, ही अपेक्षाच भाबडी.

आता मागच्या रांगांकडे वळते, कारण टाळ्या तिथूनही आल्या होत्या आणि माझ्या पिढीपेक्षा तरुण थेरपिस्ट बरेचसे त्या रांगांत बसतात. त्यांचा आवडता शब्द ‘नॉन-जजमेंटल’. पेशंटनं सांगितलं की मी ओढतो आणि मला बरं वाटतं, की मान हलवायची, ‘तुला चालतंय ना, मग ठीक’ म्हणायचं आणि पुढच्या विषयाकडे जायचं. पेशंटवर न्यायाधीश होऊन बसू नये हे खरंच. पण त्यानं फी देऊन जे विचारलंय त्यावर मतच द्यायचं नाही, हा कुठला आदर? वकील अशिलाला म्हणतो का, तुम्हाला बरी वाटत्येय ना केस, मग ठीक?

आपल्या व्यवसायाच्या मूळपुरुषालाच या भोळेपणाची किंमत मोजावी लागली होती. १८८४ मध्ये व्हिएन्नातला तरुण डॉक्टर फ्रॉइड कोकेनवर इतका खूश होता की त्यानं त्याचे गुण गाणारा प्रबंध लिहिला, आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आपल्या मित्राला, फ्लाइशल-मार्क्सोला, ते सोडवण्यासाठी कोकेन सुचवलं. मित्राचं मॉर्फिन सुटलं नाहीच, कोकेनही चिकटलं. याच फ्रॉइडनं १८८६ मध्ये पॅरिसला नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोंच्या घरच्या मेजवानीला जाताना जीभ मोकळी व्हावी म्हणून चिमूटभर कोकेन घेतल्याचं होणाऱ्या बायकोला पत्रातून कळवलं होतं. पाण्याच्या टाकीमागे आंघोळीआधी ओढणारा आमचा मुलगा आणि हा व्हिएन्नाचा डॉक्टर यांचा प्रश्न एकच, चारचौघांत बोलताना जीभ अडखळते. ‘मला बरं वाटलं’ हा पुरावा फ्रॉइडकडेही होता.

मग पुरावा म्हणतो काय? गांजा ही एक वस्तू नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. त्यातल्या टीएचसीनं नशा होते, सीबीडीनं होत नाही. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या २०१७ मधल्या प्रयोगात ४२ जणांना टीएचसीच्या किंवा औषध नसलेल्या पोकळ गोळ्या देऊन खोट्या मुलाखतीला आणि तोंडी वजाबाकीला बसवलं. साडेसात मिलिग्रॅमनं ताण कमी झाला, साडेबारानं मन उलट खट्टू झालं. औषध आणि त्रास यांच्यात पाच मिलिग्रॅमचं अंतर! टपरीमागून आणलेल्या पुडीतून, अंधारात, अंगठ्यानं मळताना हे पाच मिलिग्रॅम कोण मोजणार? सीबीडीची गोष्ट जरा आशेची. ब्राझीलमधल्या एका प्रयोगात खोट्या भाषणाआधी ३०० मिलिग्रॅम दिल्यावर भीती कमी झाली, पण १५० नं नाही आणि ६०० नंही नाही. बाजारात विजया तेलाच्या (विजया हे भांगेचंच आयुर्वेदातलं नाव) बाटलीवर ‘जिभेखाली दोन थेंब’ लिहिलेलं असतं. दोन थेंबांचं वजनच मुळी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. ते शुद्ध सीबीडी असलं तरी त्यात तीनशे मावत नाहीत. आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’नंच ८३ अभ्यासांचा आढावा छापला, त्याचा निष्कर्ष असा की चिंता, नैराश्य यांवर गांजातल्या घटकांचा उपयोग होतो म्हणण्याइतका पुरावा हाती नाही.

राहिली परंपरा. शिवरात्रीची थंडाई आणि रोज रात्रीची एकट्याची चिलीम यांना एका माळेत ओवणं हा परंपरेवरच अन्याय आहे. भांग पानांची, वर्षातून एखाददोनदा, दुधा-साखरेत, माणसांच्या गराड्यात, हसत-खिदळत. गांजा बोंडांचा, आणि १९८५ च्या कायद्यानंही पान आणि बोंड वेगळं धरलं आहे. आयुर्वेद म्हणाल, तर शार्ङ्गधरसंहितेत भांगेचं नाव ‘व्यवायी’ द्रव्याचं उदाहरण म्हणून अफूच्या जोडीनं येतं: पचण्याआधीच अंगभर पसरणारं. वैद्य ती शुद्ध करून, मोजून, इतर द्रव्यांत मिसळून देत, आणि आजच्या औषध नियमांतही ती आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी म्हणून. म्हणजे परंपरा सांगते ते विचारून घ्या. परंपरेचं नाव घेऊन चालतं ते मात्र न विचारता.

आणि देखरेखीच्या नावाखाली काय चालतं, तेही मी पाहून घेतलं. एका संकेतस्थळावर विजया तेलासाठी ‘चिंता, झोप कमी’ असं लिहून फॉर्म भरला. थोड्याच वेळात फोन. वजन विचारलं, पैसे कसे भरणार विचारलं. दुसरी कुठली गोळी चालू आहे का, हा प्रश्न आलाच नाही. तो यायला हवा होता, कारण एसिटालोप्रॅम ही चिंतेसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी यकृतातलं जे विकर (एन्झाइम) शरीराबाहेर काढायला मदत करतं, त्यालाच सीबीडी अडवतं, आणि रक्तात गोळीचं प्रमाण चढू शकतं. आरोग्य हा शब्द दरवाजा झाला की डॉक्टरचा दारवान होतो. आपल्या राज्यात तर हा विनोद जुना आहे. दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी. बारमधल्या एका दिवसाच्या परवान्याला पाच रुपये. कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये औषधी गांजाला परवानगी देताना आजारांच्या यादीशेवटी ‘आणि ज्या कुठल्या आजारात आराम पडेल तो’ असं शेपूट लावलं, आणि मग त्या शेपटातून सगळं राज्य आत शिरलं. उद्या आपल्याकडे कायदा सैल झाला तर चिंता हाच सगळ्यात सोपा रकाना असेल, कारण ती कुठल्या रक्ततपासणीत दिसत नाही. तेव्हा थेरपिस्टची सही मागितली जाईल. आज जो पेशंटला मत सांगत नाही आणि आज जो पेशंटला आतच घेत नाही, ते दोघंही त्या दिवशी सारखेच निरुपयोगी ठरतील.

आमच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर आता ‘इतर’ नाही. ‘झोप, भीती किंवा टेन्शन कमी व्हावं म्हणून काय काय घेता?’ असा प्रश्न आहे, आणि खाली चहा, तंबाखू, घरातल्या कुणाची गोळी, दारू, भांग, गांजा, तेल, असं सगळं एका ओळीत. एवढ्यानं आडव्या रेघा कमी झाल्या.

तो मुलगा अजून येतो, बुधवारी. एका मानसोपचारतज्ज्ञांकडेही जातो; त्यांनी त्याला मामांबद्दल माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. पहिल्यांदा सुटली ती सोमवारची सकाळ, ठरवून, कारण मीटिंग तिथे होती. मग एकेक रात्र. सगळं सुटलेलं नाही, मध्ये दिवाळीत घरून आल्यावर आठवडाभर पुन्हा रोज चाललं होतं, आणि ते त्यानं कडीला हात न लावता, खुर्चीत बसूनच सांगितलं. त्याच्या वहीत मार्चमधल्या एका सोमवारची नोंद आहे, निळ्या बॉलपेननं, घाईत लिहिलेली: ‘ओढलं नाही. आवाज कापला. दीड मिनिट बोललो. कुणी वळून पाहिलं नाही. ११.२० ला धडधड गेली, मी काहीच केलं नव्हतं.’